विश्लेषण : विराट पुरुषाचे पाय आणि कागलचे यशवंतराव, सृष्टीच्या एका गोष्टीवरून कोल्हापुरात वाद का पेटला?

१८९९ सालचा कार्तिक महिना. पहाटेच्या थंडीत पंचगंगेच्या घाटावर पंचविशीतला एक धिप्पाड राजा स्नान करतो आहे. काठावर पुरोहित मंत्र म्हणतो आहे. राजासोबत आलेल्या मंडळींत मुंबईचे संस्कृत पंडित राजारामशास्त्री भागवत आहेत. त्यांचे कान तयार आहेत. पुरोहित म्हणतो आहे ते वेदातले मंत्र नाहीत, पुराणातले श्लोक आहेत, हे त्यांच्या लक्षात येतं आणि ते राजाच्या कानावर घालतात. पुरोहितानं स्वतः अंघोळही केलेली नव्हती, असं सांगितलं जातं. पुराणोक्त श्लोकांना तेवढ्या सोवळ्याची गरज नसते, हा त्यामागचा हिशेब.

हा राजा म्हणजे छत्रपती शाहू महाराज. मूळचे कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव.

बाहेरून पाहिलं तर ही घाटावरची किरकोळ बाब. कोणते श्लोक म्हटले, कोणते नाही, याचा राज्यकारभाराशी काय संबंध? पण त्या सकाळपासून सुरू झालेला वाद थेट व्हाइसरॉयपर्यंत गेला, धर्मपीठाची मिळकत जप्त झाली, वर्तमानपत्रांत अग्रलेख झडले आणि महाराष्ट्राच्या राजकारणाला ब्राह्मण-ब्राह्मणेतर हे वळण लागलं. या सगळ्याच्या मुळाशी जग कसं निर्माण झालं याची एक फार जुनी गोष्ट होती, आणि ती गोष्ट कशी वाचायची हा प्रश्न होता.

ती गोष्ट काय आहे?

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं नव्वदावं सूक्त म्हणजे पुरुषसूक्त. हजार मस्तकांचा, हजार डोळ्यांचा, हजार पायांचा एक विराट पुरुष. देवांनी यज्ञ मांडला आणि त्यात या पुरुषाचाच बळी दिला. त्याच्या शरीरातून सगळं जग झालं. मनातून चंद्र, डोळ्यातून सूर्य, श्वासातून वारा, मस्तकातून आकाश. त्याच सूक्तात माणसांचीही वाटणी आहे. मुख म्हणजे ब्राह्मण, बाहू म्हणजे क्षत्रिय, मांड्या म्हणजे वैश्य, आणि पायांतून शूद्र.

देवाच्या शरीरातून जग बनल्याची कल्पना एकट्या आपली नाही. मेक्सिकोतल्या अ‍ॅझ्टेक लोकांच्या कथेत क्वेत्झलकोआत्ल आणि तेझ्कात्लिपोका हे दोन देव त्लाल्तेकुह्त्ली या अक्राळविक्राळ शक्तीचे दोन तुकडे करतात. एका तुकड्याची जमीन होते, दुसऱ्याचं आकाश. शेजारच्या माया लोकांचा ‘पोपोल वुह’ हा ग्रंथ वेगळंच सांगतो. देवांनी आधी चिखलाचा माणूस केला, तो विरघळला. मग लाकडाचा केला, त्याला काळीज नव्हतं. शेवटी पिवळा आणि पांढरा मका दळून त्या पिठाचा माणूस केला, तो टिकला. एकाच पिठातून सगळी माणसं. त्या कथेत कुणी देवाच्या तोंडातून आलं नाही आणि कुणी पायातून आलं नाही. माया समाजातही राजे होते, दास होते, तेव्हा तिथं सगळं समान होतं असं समजायचं कारण नाही. पण उच्चनीचता ठरवायला तिथं सृष्टीची गोष्ट अशी थेट कामाला लावता येत नव्हती.

आपल्याकडे ती आली. पुरुषसूक्ताकडे कवीनं केलेलं रूपक म्हणून पाहता येतं, तसंच कायद्याचं कलम म्हणूनही. स्मृतिकारांनी दुसरी वाट धरली. गंमत अशी की त्याच सूक्तात पुरुषाच्या पायांतून भूमीही निर्माण झाल्याचं सांगितलं आहे. पाय हलके मानायचे तर जमीनही हलकी मानावी लागेल. पण ते कुणी केलं नाही. जमिनीच्या इनामांना तर सगळेच हपापलेले होते.

कागलचा मुलगा कोल्हापूरच्या गादीवर कसा आला?

कागल हे कोल्हापूरच्या दक्षिणेला वीसेक किलोमीटरवरचं, दूधगंगेच्या खोऱ्यातलं गाव. पुणे-बंगळुरू महामार्गानं निघालात तर कर्नाटकात शिरण्याआधीचा आपला शेवटचा मोठा थांबा. घाटगे हे इथले जहागीरदार. सर्जेराव आणि वजारतमआब हे किताब ते मिरवत, त्यातला दुसरा थेट विजापूरच्या दरबाराची आठवण सांगणारा. गावातलं मोठं दैवत गैबी. त्यांना कुणी नाथपंथातले गहिनीनाथ म्हणतं, कुणी पीर म्हणतं. उरूस एकच. या दोन नावांपैकी खरं कोणतं, यावर गावानं कधी डोकं फोडून घेतलं नाही, हे पुढच्या कहाणीच्या संदर्भात ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे आणि मुधोळच्या घोरपडे घराण्यातल्या राधाबाई यांच्या पोटी २६ जून १८७४ रोजी यशवंतरावांचा जन्म झाला. तो कोल्हापूरच्या लक्ष्मी विलास राजवाड्यात. आई गेली तेव्हा मूल अवघं तीन वर्षांचं होतं.

त्याच सुमारास कोल्हापूरच्या गादीवर मोठं संकट होतं. चौथे शिवाजी महाराज मानसिक आजारी असल्याचं ठरवून इंग्रजांनी त्यांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवलं होतं. तिथंच २५ डिसेंबर १८८३ रोजी त्यांचा मृत्यू झाला आणि त्या मृत्यूबद्दल लोकांच्या मनातला संशय कधी गेला नाही. राज्याचे रीजंट होते कागलचे आबासाहेब. विधवा राणी आनंदीबाईंनी १७ मार्च १८८४ रोजी त्यांच्या थोरल्या मुलाला दत्तक घेतलं. दहा वर्षंही पूर्ण न झालेले यशवंतराव घाटगे त्या दिवशी शाहू भोसले झाले. कागलची जहागीर पुढे धाकटे बंधू पिराजीराव ऊर्फ बापूसाहेब यांच्याकडे राहिली. दोन वर्षांत वडीलही गेले.

मग राजकोटचं राजकुमार कॉलेज, नंतर धारवाडला स्टुअर्ट फ्रेझर यांच्या हाताखाली शिक्षण. १८९१ मध्ये बडोद्याच्या खानविलकरांच्या लक्ष्मीबाईंशी लग्न. २ एप्रिल १८९४ रोजी वयाच्या विसाव्या वर्षी हातात कारभार आला. त्या वेळी संस्थानातल्या ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते. तरुण राजानं हे पाहिलं, पण पहिली काही वर्षं फार गाजावाजा केला नाही. कुस्ती, शिकार, घोडे, खेड्यापाड्यांतून दौरे यांत तो रमलेला दिसतो. घाटावरची सकाळ उगवायला अजून पाच वर्षं होती.

वेदोक्त आणि पुराणोक्त यात फरक काय?

शास्त्रानुसार ब्राह्मण, क्षत्रिय आणि वैश्य हे तीन वर्ण द्विज. त्यांची मुंज होते, त्यांच्या घरचे विधी वेदमंत्रांनी होतात. तेच वेदोक्त. शूद्राला वेद ऐकण्याचाही अधिकार नाही, म्हणून त्याच्यासाठी पुराणातले श्लोक. ते पुराणोक्त. म्हणजे पुरोहित कोणते मंत्र म्हणतो यावरून तो यजमानाला कोण समजतो हे कळतं. घाटावर त्या दिवशी छत्रपतींना त्यांच्याच पगारी पुरोहितानं शूद्र ठरवलं होतं, तेही अगदी रोजच्या सवयीनं.

पुरोहितांच्या बाजूनं युक्तिवाद तयार होता आणि तोही एका गोष्टीवर उभा होता. परशुरामानं एकवीस वेळा पृथ्वी निःक्षत्रिय केली. त्यातून जे उरले ते नंद राजांच्या काळात संपले. तेव्हा कलियुगात वर्ण दोनच, ब्राह्मण आणि शूद्र. ज्याच्या पूर्वजांनी मुलूख जिंकला, ज्याच्या नावानं शिक्के चालतात, तो राजाही दुसऱ्या खान्यात. (एकवीस वेळा संहार करावा लागला, म्हणजे आधीच्या वीस वेळी क्षत्रिय उरलेच होते, हा साधा हिशेब मात्र कुणी मांडायचा नाही.)

प्रश्न नवा नव्हता. १६७४ मध्ये शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकावेळी हीच अडचण आली. काशीच्या गागाभट्टांनी भोसल्यांचं मूळ उदेपूरच्या सिसोदियांशी जोडलं, मुंज झाली आणि मग अभिषेक झाला. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांच्या काळात तो वाद पुन्हा उकरला गेला. बडोद्यात सयाजीरावांनाही त्यातून जावं लागलं. प्रत्येक पिढीत मराठा राजानं आपण कोण आहोत हे नव्यानं सिद्ध करायचं, असा जणू रिवाज पडला होता.

वाद कसा चिघळला?

महाराजांनी राजोपाध्यांना वेदोक्त पद्धतीनं विधी करायला सांगितलं. त्यांनी नकार दिला. महाराजांनी घाई केली नाही. कागदपत्रं तपासली, समिती नेमली, मुदत दिली. १९०१ मध्ये नारायणशास्त्री सेवेकरी यांनी राजवाड्यातली श्रावणी वेदोक्त पद्धतीनं केली आणि स्वजातीयांचा रोष ओढवून घेतला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून मराठ्यांच्या वेदोक्ताच्या मागणीवर टीका केली. देशाच्या स्वातंत्र्यासाठी लढणारा पुढारी या प्रश्नात पुरोहितांच्या बाजूला उभा दिसला, याचे परिणाम पुढची दोन दशकं राजकारणात जाणवत राहिले.

१९०२ मध्ये राजोपाध्यांची इनामं जप्त झाली. पुढच्या वर्षी संकेश्वर-करवीर पीठाच्या मिळकतीवर टाच आली. तक्रारी पोलिटिकल एजंटकडे गेल्या, मुंबई सरकारकडे गेल्या, व्हाइसरॉय कर्झन यांच्यापर्यंत गेल्या आणि फेटाळल्या गेल्या. १९०५ च्या सुमारास धर्मपीठानंही महाराजांचा वेदोक्ताचा अधिकार मान्य केला.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. या टप्प्यावर महाराज सृष्टीची ती गोष्ट नाकारत नव्हते. विराट पुरुषाच्या पायांतून मला काढू नका, बाहूंतून काढा, एवढीच त्यांची मागणी होती. ती मान्य झाली तरी पायांतले लोक पायांतच राहणार होते. म्हणूनच पुष्कळ अभ्यासकांना वेदोक्त हा राजघराण्याच्या मानापानाचा वाद वाटतो, आणि तेवढ्यापुरतं ते बरोबर आहे.

पण याच वर्षांत दुसरंही काही घडत होतं. १८ एप्रिल १९०१ रोजी कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह निघालं. पुढे जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य अशा एकेका समाजाची वसतिगृहं उभी राहिली. आणि २६ जुलै १९०२ रोजी, महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी इंग्लंडला गेलेले असताना, करवीर सरकारचा हुकूम निघाला. यापुढे रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी निदान ५० टक्के मागासलेल्या वर्गांतून भरायच्या. आपल्या देशातल्या आरक्षणाचा इतिहास याच हुकमापासून सांगितला जातो. ज्याला स्वतःच्या घाटावर शूद्र म्हटलं गेलं, त्याला कचेरीतल्या ७१ पैकी ६० या आकड्याचा अर्थ वेगळा दिसू लागला असावा.

फुल्यांनी याच गोष्टी कशा वाचल्या होत्या?

महाराज धारवाडला शिकत होते तेव्हा, २८ नोव्हेंबर १८९० रोजी पुण्यात जोतीराव फुले यांचं निधन झालं. त्याआधी सतरा वर्षं, १८७३ मध्ये, त्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिली. अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना त्यांनी ती अर्पण केली. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाज स्थापन झाला.

धोंडिबा आणि जोतीराव यांच्या संवादातून चालणाऱ्या या पुस्तकात फुले पुराणं उलटी करून वाचतात. ब्रह्मदेवाच्या मुखातून ब्राह्मण जन्मले, तर त्या मुखाला बाळंतपण सोसलं कसं, चार दिवसांच्या विटाळाचं काय झालं, असे खेडवळ, बोचरे प्रश्न ते विचारतात. मग अवतारांकडे वळतात. त्यांच्या मते या गोष्टी म्हणजे वेषांतर केलेला इतिहास. बाहेरून आर्यांच्या टोळ्या आल्या. पहिली टोळी लहान, चपळ होड्यांतून आली, तिचा झाला मत्स्य. दुसरी जड, संथ तारवांतून आली, तिचा झाला कच्छ. तिसरीचा पुढारी रानडुकरासारखा मुसंडी मारणारा, तो वराह. कपटानं वेष पालटून राजाचा जीव घेणारा तो नृसिंह. आणि दान मागायला येऊन राज्य लुबाडणारा वामन.

या वाचनात खलनायक कोण आणि नायक कोण हे पार बदलून जातं. पाताळात ढकलला गेलेला बळीराजा हा इथला न्यायी राजा ठरतो. त्याच्या राज्यव्यवस्थेचे अवशेष फुल्यांना गावागावांतल्या देवांत दिसतात. शेताच्या बांधावरचा शेंदूर फासलेला म्हसोबा म्हणजे बळीचा महासुभा, वसूल आणि न्याय पाहणारा अधिकारी. जेजुरीचा खंडोबा म्हणजे नऊ खंडांचा न्यायाधीश. क्षत्रिय शब्दाची फोडही ते क्षेत्रावरून करतात. जमिनीवर राबणारा, या भूमीचा मूळ रहिवासी, तो क्षत्रिय. परशुरामानं ज्यांचा संहार केला ते हेच.

इतिहास म्हणून हे टिकतं का? नाही टिकत. मत्स्याची कथा शतपथ ब्राह्मणात मनू आणि माशाची म्हणून येते, तिथं होड्यांतून आलेल्या टोळीचा मागमूस नाही. शब्दांच्या फोडी आजच्या भाषाशास्त्राला पटणार नाहीत. पण फुल्यांचं बळ पुराव्यात नव्हतं, प्रश्नात होतं. ही गोष्ट कुणी सांगितली, आणि ती खरी मानल्यानं कुणाचं भलं झालं? हा प्रश्न एकदा ऐकला की पुराण पहिल्यासारखं ऐकता येत नाही. शिवाय दर दिवाळीत इडा पिडा टळून बळीचं राज्य येवो असं म्हणणाऱ्या शेतकरी घरांत बळीराजाबद्दलची माया आधीपासून होतीच. फुल्यांनी तिला अर्थ दिला.

इथं पुन्हा मेक्सिको आठवतं. १५१९ मध्ये स्पॅनिश सरदार कोर्तेस तिथं उतरला. क्वेत्झलकोआत्ल देव परत येणार होता, म्हणून अ‍ॅझ्टेकांचा राजा मोक्तेसुमानं त्या गोऱ्या पाहुण्याला देवच मानलं आणि राज्य गमावलं, असं शाळेच्या पुस्तकांतून वर्षानुवर्षं शिकवलं गेलं. आज अनेक इतिहासकार सांगतात की ही कथा विजयानंतर रचली गेली, जिंकणाऱ्यांच्या सोयीनं. हरलेल्या राजाला भोळा ठरवणारी आणि जिंकणाऱ्याला देवपण देणारी गोष्ट. बळी आणि वामनाची कथा फुल्यांनी ज्या नजरेनं वाचली, त्याच नजरेनं मेक्सिकोची कथा वाचायला जगाला आणखी शंभरेक वर्षं लागली.

महाराज फुल्यांच्या वाटेनं गेले का?

गेले, पण सरळ नाही. ११ जानेवारी १९११ रोजी कोल्हापुरात सत्यशोधक समाजाची शाखा निघाली. भास्करराव जाधव तिचे अध्यक्ष होते. महाराजांचा पाठिंबा उघड होता. १९१३ मध्ये ब्राह्मणेतर मुलांना पौरोहित्य शिकवणारी शाळा सुरू झाली आणि खेड्यापाड्यांत ब्राह्मणाशिवाय लग्नं लागू लागली. लग्नाच्या मांडवात मंगलाष्टकं म्हणणारा आपल्यातलाच कुणी तरी आहे, या दृश्याचा परिणाम शंभर व्याख्यानांहून मोठा झाला असणार.

दुसऱ्या बाजूनं महाराज आर्य समाजाकडेही ओढले गेले. १९१८ मध्ये कोल्हापुरात आर्य समाजाची शाखा निघाली आणि पुढच्या वर्षी राजाराम कॉलेज आर्य समाजाच्या हाती सोपवलं गेलं. दयानंद सरस्वतींची पुरुषसूक्ताची वाट तिसरीच होती. त्यांना ते सूक्त प्रमाण, पण अक्षरशः नव्हे. समाज हेच एक शरीर. विद्येत जो पुढे तो मुख, रक्षणात जो पुढे तो बाहू. गुणकर्मावरून वर्ण, जन्मावरून नाही.

म्हणजे एकाच सूक्ताची तीन वाचनं महाराजांच्या दरबारात एकाच वेळी नांदत होती. राजोपाध्यांचं अक्षरशः, दयानंदांचं रूपकाचं, फुल्यांचं इतिहासाचं. तर्काच्या दृष्टीनं ती एकमेकांना छेद देतात. फुले खरे असतील तर वेदांचा आधार कशाला? आणि वेद प्रमाण असतील तर ‘गुलामगिरी’चं काय करायचं? महाराजांनी या प्रश्नाचं पुस्तकी उत्तर दिलं नाही. ते पंडित नव्हते. ज्या वाचनानं ज्या ठिकाणी कुलूप उघडेल ती किल्ली त्यांनी तिथं लावली, असंच म्हणावं लागतं.

यातली सगळ्यात वादग्रस्त किल्ली १९२० मधली. भुदरगड तालुक्यातल्या पाटगावच्या मौनी महाराजांच्या मठावर त्यांनी सदाशिवराव पाटील बेनाडीकर या मराठा तरुणाला क्षात्र जगद्गुरू म्हणून बसवलं. मराठ्यांनी आता शंकराचार्यांच्या तोंडाकडे पाहायचं कारण उरलं नाही. पण देव आणि भक्त यांच्यात दलाल नको, हे सत्यशोधकांचं पहिलं सूत्र. जुना गुरू काढून त्या जागी नवा बसवणं त्यात कुठं बसतं? माझ्या मते या निर्णयात फुल्यांपेक्षा घाटावरचा १८९९ चा राजा जास्त बोलतो आहे.

मग पायांतल्या लोकांचं काय?

याच प्रश्नावर महाराजांच्या शेवटच्या पाच वर्षांचं वजन आहे. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करण्याचा हुकूम निघाला. १९१८ मध्ये कुलकर्णी वतनं आणि महार वतनं रद्द करण्यात आली. विहिरी, पाणवठे, शाळा, दवाखाने अशा सार्वजनिक जागी अस्पृश्यता पाळण्यास मनाई झाली. आंतरजातीय विवाहाला कायद्याची मान्यता मिळाली. कागलच्या घाटग्यांची लेक इंदूरच्या होळकरांकडे, म्हणजे मराठ्यांच्या घरातून धनगरांच्या घरात गेली. सोयरिकीची ही घडी महाराजांनीच घालून ठेवली होती, लग्न त्यांच्या मागं १९२४ मध्ये झालं.

यापेक्षाही लोकांच्या लक्षात राहिलं ते चहाचं दुकान. राजवाड्याच्या पागेत काम करणारे गंगाराम कांबळे यांनी सवर्णांच्या पाण्याला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामना पैसे देऊन कोल्हापुरात ‘सत्यसुधारक’ हॉटेल काढायला लावलं. गिऱ्हाईक फिरकेना. मग महाराजांची गाडी दुकानासमोर थांबू लागली. ते स्वतः तिथला चहा घेत आणि सोबतच्या मानकऱ्यांच्या हातातही कप देत. राजानं घेतला म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? वर्णाच्या उतरंडीवर शेकडो ग्रंथ लिहिले गेले आहेत. तिच्यावर कपबशीनं केलेला हा हल्ला त्यांतल्या पुष्कळांपेक्षा जास्त लागला.

१९२० च्या जानेवारीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं ‘मूकनायक’ सुरू झालं. त्याला महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली. २१ आणि २२ मार्चला त्या काळी कागल जहागिरीत मोडणाऱ्या माणगावात अस्पृश्यांची परिषद झाली. अध्यक्ष आंबेडकर होते आणि महाराज मुद्दाम आले. अस्पृश्यांना आपल्यातलाच पुढारी मिळाला आहे, बाहेरच्याची वाट पाहू नका, असं त्यांनी जमलेल्या लोकांना सांगितलं. स्वतःला बाहूंतला म्हणवून घेण्यासाठी भांडलेला माणूस वीस वर्षांनी, आपल्या जन्मघराण्याच्या मुलखात, त्या सूक्तानं पायांतही जागा न दिलेल्या माणसांच्या मांडवात बसला होता.

कारण पुरुषसूक्तात चारच वर्ण आहेत. अस्पृश्य त्यात नाहीतच. विराट पुरुषाच्या कुठल्याच अवयवातून ते आलेले नाहीत.

पुढे काय झालं?

६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचं निधन झालं. वय अवघं ४७ वर्षं. मधुमेहानं शरीर आधीच पोखरलं होतं. पार्थिव कोल्हापूरला आणलं गेलं आणि पंचगंगेच्या काठी अंत्यसंस्कार झाले.

त्यानंतर चोवीस वर्षांनी, १९४६ मध्ये, आंबेडकरांचा शूद्र मूळचे कोण होते याची छाननी करणारा ग्रंथ प्रसिद्ध झाला. सुरुवातच पुरुषसूक्ताच्या उलटतपासणीनं. ऋग्वेदात इतरत्र न आढळणारी ही चार वर्णांची वाटणी मागाहून घातलेली असावी, आणि शूद्र हे मुळात सूर्यवंशी क्षत्रियच, मुंजीचा अधिकार काढून घेतल्यानं ते खाली ढकलले गेले, असा त्यांचा निष्कर्ष. आर्यांच्या स्वारीची फुल्यांची कल्पना मात्र त्यांनी स्वीकारली नाही, पुरावे मांडून ती खोडली. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाचा प्रश्नही त्या ग्रंथात तपशिलानं आला आहे. ग्रंथ अर्पण केला आहे तो जोतीराव फुले यांना.